गर्दीच्या माथी खापर कशाला?

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी नवले पुलाजवळ जे घडले, त्याचा पुणेकरांस विसर पडला असेल असे आम्हांस वाटत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावरून येणारा एक अवजड कंटेनर आवरता आवरला नाही. वाटेतील वाहनांना धडका देत तो पुढे गेला. दोन मोठ्या वाहनांच्या कचाट्यात सापडलेल्या एका मोटारीचा चक्काचूर झाला, आगीचा डोंब उसळला आणि आठ माणसे प्राणांस मुकली. कंटेनरचे ब्रेक निकामी झाले होते, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. याच उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका टँकरने धुमाकूळ घातला होता व चाळिसांहून अधिक वाहनांचे नुकसान झाले होते. त्या वेळी प्राणहानी टळली, म्हणून हळहळही लवकर ओसरली.

प्रत्येक अपघातानंतर शहरात जी चर्चा सुरू होते, ती एकाच वाटेने जाते. वाहने फार झाली, रस्ते अपुरे पडले, कोंडी असह्य झाली, म्हणून माणसे मरतात. तेव्हा रस्ता रुंद करा, आणखी एक पूल बांधा, चौकातील अडथळे काढा, म्हणजे अपघात आपोआप थांबतील. सभांतून हेच बोलले जाते, आमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांतूनही हाच सूर असतो, आणि राज्यकर्त्यांसही तो सोयीचा असतो. कारण पूल दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. गर्दी आणि अपघात यांचे हे समीकरण इतक्या सहजतेने मांडले जाते की, ते कोणी तपासून पाहत नाही. आज ते तपासून पाहावे असा आमचा विचार आहे.

पहिली अडचण 'अपघात' या शब्दापाशीच येते. सायंकाळी सात वाजता लक्ष्मी रस्त्यावर एका स्कूटरचे हँडल दुसरीच्या आरशास लागते, आरसा फुटतो, दोघे उतरतात, एकमेकांच्या कुळाचा उद्धार होतो, चार बघे जमतात आणि पाच मिनिटांत सर्व पांगतात. हाही अपघातच. आणि १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीस धडक देऊन दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तोही अपघातच. पहिल्या प्रकारात गर्दी होती व रक्ताचा थेंबही सांडला नाही. दुसऱ्यात रस्ता मोकळा होता. ते प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून दोषाविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु त्या घटकेस त्या रस्त्यावर वाहतुकीची कोंडी होती असे कोणीच म्हणणार नाही. एकाच शब्दाखाली या दोन्ही गोष्टी मोजल्या की, हिशेब चुकणारच.

करोनाच्या साथीने २०२० साली या देशास नकळत एक प्रयोग करून दाखविला. टाळेबंदीमुळे रस्ते कित्येक आठवडे ओस पडले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार अपघातांची संख्या आदल्या वर्षीच्या मानाने शेकडा १८ च्या आसपास घटली. गर्दी गेली, अपघात कमी झाले. येथवर समीकरण बरोबर दिसते. परंतु मृत्यू मात्र शेकडा १३ च्या आसपासच घटले. २०१९ साली दर शंभर अपघातांमागे सुमारे ३४ माणसे दगावली होती. २०२० साली तीच संख्या ३६ झाली. याचा अर्थ असा की, धडका कमी झाल्या तरी जी धडक झाली ती अधिक जीवघेणी ठरली. त्या वर्षी किरकोळ अपघातांची नोंद नीट झाली नसेल, शहरापेक्षा महामार्गावरील वाहतुकीचे प्रमाण अधिक राहिले असेल, हे आम्ही मान्य करतो. ती सूट देऊनही मोकळा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता हे मत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

वेगाचा प्रताप समजून घेण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे आठ मीटर जाते; ताशी ६० ने जाणारे सुमारे सतरा. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाचा एक सेकंद तरी जातोच. म्हणजे पहिल्याचे वाहन थांबू लागते तेव्हा दुसऱ्याचे आणखी सुमारे आठ मीटर पुढे, पूर्ण वेगात असते. त्यानंतर ब्रेक लागून वाहन थांबण्यास जे अंतर लागते, ते वेग दुप्पट झाला की चौपट होते. आघाताची शक्तीही चौपट. जागतिक आरोग्य संघटनेचे मत असे आहे की, रस्त्यावरील सरासरी वेग शेकडा एकाने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका शेकडा चाराने वाढतो. आपल्या देशात २०२२ साली अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांपैकी शेकडा ७० हून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर सरकारनेच नोंदविले आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यात 'अतिवेग' हे कारण लिहिणे सोपे असते, हे आम्ही जाणतो. तरीही हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग गर्दी हे वरदान समजावयाचे काय? तसे म्हणणारेही काही विद्वान आहेत. कोंडीत वाहन गोगलगायीच्या चालीने जाते, त्यामुळे कोणी मरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. लंडनभोवती फिरणाऱ्या एम-२५ या महामार्गाचा अभ्यास करून २००९ साली काही संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, कोंडीचा अपघातांच्या संख्येवर फारसा परिणाम होत नाही, किंवा मुळीच होत नाही. पुढे त्यांतीलच काही संशोधकांनी इंग्लंडमधील मोठ्या रस्त्यांची अधिक माहिती घेऊन २०१३ साली लिहिले, ते याच्या उलट होते. कोंडी वाढते तेथे मृत्यू व गंभीर इजा होणारे अपघात वाढतात, किरकोळ अपघातांवर मात्र तिचा विशेष परिणाम दिसत नाही, असे त्यांस आढळले. शेजारशेजारच्या वाहनांच्या वेगांतील मोठी तफावत आणि कोंडीत चालकांचे बेताल वागणे ही संभाव्य कारणे त्यांनी दिली. आपल्याकडील आकडेही गर्दीच्या वकिलांस अनुकूल नाहीत. दिवसाच्या आठ प्रहरांत सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या वेळात नोंदले जातात. २०२२ साली एकूण अपघातांपैकी एकपंचमांश याच तीन तासांतले होते. त्या वेळी रस्त्यावर माणसे अधिक, उजेड कमी आणि प्रत्येकास घरी पोहोचण्याची घाई.

येथे आम्हांस एक जुनी आठवण येते. आम्ही शाळेत मराठी शिकवीत असू. परंतु गणिताचे मास्तर रजेवर गेले की सरासरीचा पाठ आमच्या गळ्यात पडे. मुलांस आम्ही विचारीत असू की, नदीचे पाणी सरासरी गुडघाभर आहे, तर पोहता न येणाऱ्याने ती ओलांडावी काय? वर्गातील निम्मे हात 'हो' म्हणून वर येत. शहाणी माणसेही पुण्याच्या वाहतुकीविषयी तेच उत्तर देत आहेत. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ सालच्या जागतिक पाहणीत पुण्याचा क्रमांक मंदगती शहरांत चौथा लागला. दहा किलोमीटर जाण्यास येथे सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. धट्टाकट्टा सायकलस्वार यापेक्षा फार मागे राहणार नाही. इतक्या संथ शहरात माणसे वेगाने मरतात कशी, या कोड्याचे उत्तर त्या सरासरीच्या पोटात दडलेले आहे. हा अठराचा आकडा सिग्नलपाशी वीस मिनिटे उभे राहणे आणि पुढील मोकळ्या पट्ट्यात साठाने पळणे यांच्या बेरजेतून निघालेला असतो. एवढ्या संथपणे सबंध शहर कधीच चालत नाही. पाणी गुडघाभर असते, आणि मध्येच डोह असतो.

या डोहाच्या जागा ओळखता येतात, आणि त्यांतील सर्वांत भयंकर जागा म्हणजे थांबलेल्या रांगेचे शेपूट. मागून येणाऱ्यास पुढे रस्ता तुंबला आहे याची कल्पना नसते; त्याच्या दृष्टीने रस्ता अजून मोकळाच असतो. वळण असेल, उतार असेल, अंधार असेल, तर त्याचा वेग व रांगेचा शून्य वेग यांची गाठ पडते, आणि त्या दोहोंतील फरक माणसांच्या देहांवर वसूल होतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर थांबविलेल्या ट्रकवर मागून एक छोटी बस आदळली व बारा भाविक ठार झाले; रांगेत एकच वाहन असले तरी परिणाम तोच. नवले पुलाचा उतार तर या प्रकाराचा नमुनाच आहे. वर बोगद्यापासून लांबलचक उतरण, वजनाने दामटलेले कंटेनर, डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची काही चालकांची जुनी खोड. आणि खाली नऱ्हे, वडगाव, सिंहगड रस्ता येथील कामावरून परतणारी स्थानिक गर्दी. घाटरस्त्याचा वेग व गावगल्लीची रांग यांची गाठ तेथे रोज पडते. तेथील गर्दी एकटी असती तर आरसे फुटले असते. वेग एकटा असता तर कदाचित वाहने निभावून गेली असती. दोन्ही एकाच ठिकाणी आणून सोडले, हा दोष रस्त्याच्या रचनेचा आहे.

दुसरी गोष्ट कोंडी माणसाच्या स्वभावाशी काय करते ही. अर्धा तास धूर गिळीत उभा राहिलेला गृहस्थ सज्जन असला तरी सिग्नल सुटताच तो सज्जनपणा मागे ठेवून निघतो. गेलेली मिनिटे पुढील दोन फर्लांगांत भरून काढावयाची असतात. दुचाकी पदपथावर चढते, उलट्या दिशेने शिरते, पीएमपीच्या बसच्या डाव्या अंगाने जेथे चालकाची दृष्टी पोहोचत नाही तेथून मुसंडी मारते. आडरस्त्याने कोंडी चुकविणारी वाहने पेठांतल्या बोळांतून व सोसायट्यांच्या दारांवरून, जेथे मुले खेळतात तेथून, त्याच त्वेषाने जातात. २०२२ साली देशातील अपघाती मृत्यूंपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होते, आणि जवळजवळ एकपंचमांश पायी चालणारे. मोटारीच्या पत्र्याआड बसलेल्यास कोंडीचा जाच होतो, तो उघडपणे बोलतोही. त्या कोंडीचे मोल चुकविणारा मात्र बहुधा पत्र्याबाहेरचा असतो.

आता उपायांकडे वळू. कोंडी फोडण्यास जे जे केले जाते, ते अपघात टाळण्याच्या नावाने मंजूर करून घेतले जाते, याला आमचा मुख्य आक्षेप आहे. चांदणी चौकाचेच उदाहरण घ्या. २०२२ च्या ऑक्टोबरात तेथील जुना पूल सुरुंग लावून पाडण्यात आला, १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या रस्त्यांचे जाळे खुले झाले. वाहनांची कोंडी पुष्कळ सुटली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु इतक्या खर्चाच्या व इतक्या गाजलेल्या त्या कामात पायी माणसाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कसे जावे, ही तक्रार उद्घाटनानंतर ऐकू येऊ लागली. वाहनांस सरळ, अखंड वाट मिळाली म्हणजे त्यांचा वेग वाढतो, आणि तो वाढावा म्हणूनच वाट करून दिलेली असते. मग त्या वेगाच्या आडवा जो येईल त्याचे काय, हा प्रश्न आराखड्याच्या वेळीच पडावयास हवा होता.

गर्दी नावालाही नाही असा रस्ता कसा असतो, हे पाहावयाचे असेल तर समृद्धी महामार्गच पाहावा. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी तो संपूर्ण झाला. सुमारे ७०१ किलोमीटर लांब, सरळसोट, चौक नाही, बाजार नाही, आडवे गुरू-ढोर येऊ नये अशी व्यवस्था. कोंडी हेच अपघाताचे मूळ असते तर हा रस्ता आदर्श ठरावयास हवा होता. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर एक बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी जळून मेले. अशा रस्त्यावर संकट कंटाळ्याच्या, पेंगेच्या व वेगाच्या रूपाने येते. आम्ही त्या मार्गाचे विरोधक नाही. विदर्भास त्याचा लाभ आहेच. परंतु रस्ता मोकळा करणे आणि रस्ता निर्धोक करणे ही दोन भिन्न कामे आहेत, हे त्याने दाखविले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ल्याच्या माणसांनी फुललेल्या रस्त्यावर एक मोठी विजेवर चालणारी बस बेफाम झाली व नऊ माणसे दगावली. तेथे गर्दी होती, अतोनात होती. परंतु त्या जनसंमर्दात बारा मीटर लांबीची बस चालविणाऱ्यास त्या प्रकारच्या वाहनाचे पुरेसे शिक्षण मिळाले होते काय, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला, आणि आमच्या मते तोच खरा प्रश्न होता. गर्दीच्या शहरात चुकीस वाव नसतो. म्हणून तेथे चालकाच्या शिक्षणावर, कंत्राटाच्या अटींवर व देखरेखीवर अधिक खर्च करावा लागतो. आपण नेमकी तेथेच काटकसर करतो.

कोंडीचा एक अपराध मात्र निर्विवाद आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अपघाताच्या तक्त्यात होत नाही. जखमी माणसास रुग्णालयात नेणारी रुग्णवाहिका त्याच कोंडीत अडकते. पहिल्या तासाचे मोल डॉक्टर नेहमी सांगतात. भोंगा वाजत असतो, पुढील लोकांस वाट द्यावी असे वाटतही असते, परंतु देण्यास जागाच नसते. अशा रीतीने जो मरतो तो अपघातातच मेला असे लिहिले जाते. गर्दीवर खापर फोडावयाचेच असेल तर ते येथे फोडावे. त्यावरील इलाज बसगाड्या वाढविणे हा आहे. पन्नास माणसे पन्नास दुचाकींवरून उतरून एका बसमध्ये बसली तर रस्त्यावर रुग्णवाहिकेपुरती जागा निघते. दहा वर्षांपूर्वी हे खरे होते, आजही आहे, आणि अंदाजपत्रकात पुलांच्या मानाने बसगाड्यांस काय मिळते हे वाचकांनी दरवर्षी स्वतःच पाहावे.

वेगाविषयी कायदा काय सांगतो, हेही सांगितले पाहिजे. २०१८ साली केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारीस ताशी ७० व दुचाकीस ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. ज्या शहराची सरासरी गती अठरा, त्या शहरात सत्तरची मुभा! दिवसा ती निरुपयोगी, कारण कोणासही तेवढे पळता येत नाही. रात्री अकरानंतर मात्र तीच मुभा प्राणघातक होते. कायद्याने राज्यास व स्थानिक अधिकाऱ्यांस ही मर्यादा कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. जगातील पुष्कळ शहरांनी वस्तीच्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा घातली आहे. पेठांत, शाळांच्या व रुग्णालयांच्या परिसरात ती पुण्यात घातल्याने कोणाचे दिवसाचे एक मिनिटही बुडणार नाही, कारण दिवसा तेवढा वेग मिळतोच कोठे? ही मर्यादा खऱ्या अर्थाने लागू होईल ती रात्री, आणि ज्यांचा जीव वाचावयाचा तेही रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरचेच आहेत.

पदपथांविषयी आम्ही पूर्वी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून येथे एवढेच स्मरण देतो की, पदपथावरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. २०२१ पासून महापालिका ११ डिसेंबर रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळते. लोक त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालतात, मुले चित्रे काढतात, छायाचित्रे छापून येतात, आम्हीही छापतो. १२ डिसेंबरला तोच रस्ता जुन्या मालकांच्या ताब्यात जातो.

नवले पुलाच्या उतारावर रम्बलर पट्ट्या, वेग मोजणारे कॅमेरे, सूचनाफलक असे उपाय झाले आहेत व होत आहेत. त्यांस आमचा पाठिंबा आहे. परंतु अवजड वाहनाचे ब्रेक उतार सुरू होण्यापूर्वी तपासले जावेत, खाली रांग लागली असता वर बोगद्यापाशीच चालकास तसे कळावे, बेफाम झालेले वाहन शिरून अडकेल अशी वाळूची चढण योग्य जागी असावी, आणि स्थानिक वाहनांस महामार्गावर न येता इकडून तिकडे जाता यावे, या चार गोष्टी पूर्ण होईपर्यंत त्या कामाच्या नस्तीवर 'पूर्ण' असा शेरा कोणी मारू नये. शहर पोलिसांकडे प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागा व घटका नोंदलेली असते. ती माहिती महिन्याच्या महिन्यास, चौकवार, लोकांसमोर मांडली तर कोठे गर्दी मारते, कोठे वेग मारतो आणि कोठे दोघे मिळून, हे ठरविण्यास आमच्या अग्रलेखाची गरज उरणार नाही.

यापुढे महापालिकेपुढे किंवा राज्य सरकारपुढे नव्या पुलाचा, रुंदीकरणाचा किंवा एकेरी वाहतुकीचा जो प्रस्ताव येईल, त्यात वाहनांची किती मिनिटे वाचणार हे नेहमीप्रमाणे लिहिलेले असेल. त्याच कागदावर दुसरा एक रकाना असावा, अशी आमची मागणी आहे. काम पूर्ण झाल्यावर त्या जागी रात्री बारा वाजता वाहनांचा वेग काय असेल, आणि सत्तर वर्षांची एक बाई तो रस्ता कोठून व किती सेकंदांत ओलांडील, हे त्यात लिहावे. तो रकाना कोरा असेल तर नगरसेवकांनी, आयुक्तांनी व मंत्र्यांनीही त्या कागदावर सही करू नये.